निजलेल्या लेकराला उठवू नये

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सात दिवस, दिवसरात्र ती कोणाच्या तरी गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. गोदावरीकाठच्या आमच्या गावात दत्तजयंतीला सप्ताह बसतो आणि सकाळचा एक पहारा बायकांकडे असतो. शेवटच्या दिवशी, म्हणजे काल्याच्या दिवशी, तो पहारा माझ्याकडे आला होता. मी वीणा घेऊन उभी होते, तोंडाने नाम चालू होतं, आणि मंडपाची कनात धरून माझी मुलगी वैष्णवी वाकून उभी असलेली मला दिसली. दहा वर्षांची पोर. दोन्ही हात पोटावर, ओठ पांढरे पडलेले. ती माझ्याकडे बघत होती आणि मला जागचं हलता येत नव्हतं. पुढच्या पहाऱ्याची बाई अजून आलेली नव्हती.

माझ्या सासूबाई धावल्या, त्यांनी तिला कडेला नेऊन बसवलं. मी नाम म्हणत राहिले, पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात नाम नव्हतं, राग होता. सात दिवस मी पहाटे उठून काकड्याला आले, पंगतीत वाढलं, उष्टी काढली. आणि आज काल्याच्या दिवशी माझ्याच लेकराच्या पोटात कळ यावी? आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. वडील दुधाचे कॅन सायकलला बांधून डेअरीत नेऊन घालायचे आणि वाटेने हरिपाठ म्हणायचे. त्यांनी मला बी.एस्सी. केलं. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. वडिलांकडून श्रद्धा आली, पुस्तकांतून शंका आली, आणि दोन्ही माझ्यात शेजारणींसारख्या राहत आल्या आहेत. बोलतात, पण एकमेकींच्या घरात जात नाहीत. त्या सकाळी शंकेचाच आवाज मोठा होता.

वीणा दुसरीच्या गळ्यात गेली आणि मी धावले. तोपर्यंत बायकांचा घोळका जमला होता आणि प्रत्येकीकडे कारण तयार होतं. रात्रीची आमटी बाधली. दृष्ट लागली. पोटात जंत झाले. सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं.

"बेंबी सरकली हाय. काल पोरांसंगं उड्या मारत हुती की न्हाई? मग!"

आमच्याकडे बेंबी सरकली म्हणजे पोटावर पेटती पणती ठेवतात आणि तिच्यावर तांब्या पालथा घालतात. पणती विझते, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो आणि बेंबी जागेवर येते असं मानतात. तेही झालं. तांब्या चिकटला, निघाला, आणि वैष्णवी भडाभडा ओकली. तिची कळ एकसारखी नव्हती. यायची तेव्हा ती धनुष्यासारखी वाकायची, ओसरायची तेव्हा घामाघूम होऊन पडून राहायची. गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. उजवीकडे, खालच्या बाजूला हात लावल्याबरोबर ती किंचाळली. त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स असू शकेल, वेगळंही काही असू शकेल. मी अंदाजाने औषध देणार नाही. राहात्याला जाऊन आत्ताच सोनोग्राफी करून घ्या."

यजमानांनी शेजाऱ्यांची गाडी आणली. मागच्या सीटवर मी, वैष्णवी आणि सासूबाई. गाव मागे पडलं. मग सासूबाईंनी आपल्या पदराने पोरीचं तोंड झाकलं.

"पोरीच्या जातीला सोनोग्राफी! तिथं कोन जातं म्हाईत हाय ना तुला?"

"आई, आतला फोटो असतो तो. कोणाच्याही पोटाचा काढतात."

"ते तुला म्हाईत. गावाला न्हाई ना म्हाईत. उद्या सोयरीक जमवताना कुनी तरी बरूबर सांगतंय, हिला लहानपनी राहात्याला नेल्ती म्हनून."

पुढून यजमान म्हणाले, "आई, ती चौथीत आहे." सासूबाई म्हणाल्या, "तू गाडी चालव."

मला त्यांचा राग आला नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे सोनोग्राफी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. लहान मुलाच्या पोटदुखीलाही हीच तपासणी लागते, हे मी विज्ञानाची बाई असूनही त्या दिवसापर्यंत कधी वर्गात बोलले नव्हते.

सेंटरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या बाकांवर पोटुशा बायका, त्यांच्या आया, सासवा, पाण्याच्या बाटल्या. भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याचा मोठा फलक. आम्ही आत शिरताच सगळ्या नजरा पोरीकडे वळल्या. एका तरण्या बाईने विचारलंच, "हिचं काय हो?"

"मुतखडा," सासूबाई तात्काळ म्हणाल्या. "मोठा हाय."

कळ चालू होती म्हणून डॉक्टर मॅडमनी आम्हाला रांग सोडून लगेच आत घेतलं. गार जेल लावून त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं. लिव्हर, किडनी, आतडी. एकेक बघत त्या खाली आल्या आणि थांबल्या. "अपेंडिक्सला सूज दिसत नाही. पण ओटीपोटातलं मला काहीच नीट दिसत नाहीये. लघवीची पिशवी रिकामी आहे. ती भरली की तिच्यामागचं स्वच्छ दिसतं. हिला घोट घोट पाणी पाजा, बाहेर थांबा आणि लागली की मला सांगा. लागली म्हणून जाऊन यायचं नाही हं, बाळा." वैष्णवी त्या दुखण्यातही लाजली.

बाहेर बाकावर जागा नव्हती. भिंतीला टेकून एक बाई खाली फरशीवर बसली होती. वयाने सासूबाईंच्याच बरोबरीची. लुगडं धुवट, हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा, बोटं काळपटलेली. पाथर्डीकडून कारखान्याच्या ऊसतोडीला आलेली टोळी होती, तिच्यातली ती. बाकावर तिची सून बसली होती, पहिलटकरीण. मी वैष्णवीला फरशीवर बसवलं तशी तिला पुन्हा कळ आली आणि ती आडवी व्हायला लागली. त्या बाईने कोणाला न विचारता पाय पसरला, पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ये माय, ये. हितं ठिव डोस्कं."

मी बाटलीच्या झाकणाने वैष्णवीला पाणी पाजत होते. ती बाई तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. आणि मी मनातल्या मनात मागत होते. माझी सगळी विद्वत्ता आणि सगळा राग त्या फरशीवर संपला होता. एवढंच म्हणत होते, देवा, हिचं दुखणं थांबव. मला बाकी काही नको. हिची कळ तेवढी थांबव.

आणि कळ थांबली.

मी हे जसं घडलं तसंच लिहिते आहे. वैष्णवीने डोळे उघडले, पाय सैल सोडले आणि म्हणाली, "आई, दुखायचं गेलं." गालावर रंग आला. आणखी थोडं पाणी तिने स्वतःहून मागून घेतलं आणि दोन मिनिटांत ती त्या परक्या बाईच्या मांडीवर गाढ झोपली. माझे हात आपोआप जोडले गेले. सासूबाईंचे डोळे भरले होते.

"बघ, माउलीनं ऐकलं. अपेंडिक न्हाई, कळ गेली. आता कशाला बसायचं हितं? उठव तिला. काल्याचं कीर्तन सापडतंय अजून."

मला त्यांचं पटलं. पटलं म्हणजे काय, मी पिशवीत बाटली भरलीसुद्धा. जे मागितलं ते मिळालं होतं. आता तपासणीच्या मागे लागणं म्हणजे देवाचं दिलेलं पारखून घेण्यासारखं वाटलं. यजमानांना फोन केला, गाडी दाराशी आणायला सांगितली. मग मी वाकून वैष्णवीच्या खांद्याला हात लावला. त्या बाईने माझा हात हळूच बाजूला केला.

"निजलेल्या लेकराला उठवूने, बाई. उठंल तवा न्या."

सासूबाई म्हणाल्या, "आवो, आमची पोर हाय ती. गावात काला हाय आमच्या."

"आसंल की. काला देवाचा हाय, देव बघंल. लेकरू आत्ता कुटं निजलंय."

"तुमी कोन वो सांगनाऱ्या?"

"म्या कोनी न्हाई," ती बाई अगदी शांतपणे म्हणाली. "पर मांडी माजी हाय."

सगळा हॉल हसला. ती मघाची तरणी बाईसुद्धा पोट धरून हसली. सासूबाई आधी चिडल्या, मग त्यांनाही हसू आलं. "मांडी तुमचीच ऱ्हाऊ द्या, बया," असं म्हणून त्या तिच्याच शेजारी फरशीवर टेकल्या. मीही बसले. निजलेल्या लेकराला उठवू नये, हे तर सासूबाईसुद्धा मला नेहमी सांगत आल्या होत्या.  थोड्या वेळाने त्या बाईच्या सुनेला आत बोलावलं. ती घाबरून सासूकडे बघायला लागली. ही मांडी हलवायला तयार नाही. "जा एकली. डागदरीन काय खाती का तुला? जा." सून गेली, तपासून आली, सगळं ठीक असल्याचं सांगून शेजारी बसली. त्यांचं काम संपलं होतं. तरी त्या दोघी उठल्या नाहीत. बाहेर गाडीत यजमान वाट बघत होते. गावात आमच्याशिवाय दहीहंडी फुटली असेल. आम्ही सगळे एका पोरीची झोप राखत बसलो होतो.

वैष्णवी उठली ती एकदम ताडकन. "आई, मला लई जोरात लागलीय!" मी तिला मोरीकडे नेणार तेवढ्यात काउंटरवरच्या ताईंनी हाक मारली, "अहो, तिकडे नाही, इकडे! मॅडमनी तेच तर सांगितलं होतं!" आणि आम्ही पोरीला जवळजवळ उचलून आत नेलं.

या वेळी पडद्यावर मध्ये एक मोठा काळा, स्वच्छ आकार दिसला. मॅडम म्हणाल्या, "ही पिशवी. आता दिसेल." त्यांनी यंत्र थोडं तिरकं केलं आणि त्या पडद्याकडे वाकल्या. मग एक बटण दाबलं. पडद्यावर डावीकडे लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. "हे रक्त वाहतंय, त्याचे रंग." यंत्र उजवीकडे गेलं. तिकडे एक फुगलेला, करडा गोळा होता, आणि त्यात रंगाचा एखादाच बारीक ठिपका. मॅडमनी पुन्हा पुन्हा बघितलं. मला आत काय आहे ते कळत नव्हतं, पण वर्गात परीक्षेचा पेपर वाचणाऱ्या मुलाचा चेहरा ओळखायची मला सवय आहे. 

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं. शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. उजव्या अंडाशयावर पाण्याची एक गाठ आहे. तिच्या वजनाने अंडाशय स्वतःभोवती फिरलं आणि त्याच्या देठाला पीळ बसला. "डाळिंबाचा देठ पिळला तर फळाला पाणी पोचेल का? तसं झालंय. एवढ्या लहान मुलीत हे नेहमी सापडत नाही. लोक अपेंडिक्स, जंत, अपचन यांतच अडकतात."

"पण मॅडम, दुखायचं तर थांबलंय."

"त्याचीच मला काळजी वाटते. पीळ जरा सैल झाला की कळ थांबते आणि माणसं घरी जातात. मग तो पुन्हा बसतो. आणि फार वेळ गेला की आतलं निर्जीव होतं, तेव्हाही दुखायचं थांबतं." त्या फोन उचलतच बोलत होत्या. "अजून थोडा प्रवाह आहे. अंडाशय वाचू शकेल. पण आज, आत्ता. संगमनेरला लहान मुलांचे सर्जन आहेत, त्यांना मी सांगते. तिला आता खायला-प्यायला काही देऊ नका, आणि वाटेत कुठे थांबू नका."

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांना सगळं समजलं नसेल, पण घरी जाऊन काय झालं असतं तेवढं समजलं होतं. त्यांनी पोरीच्या पोटावरचं जेल आपल्या पदराने पुसलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ती बाई पाय चोळत उभी होती. मांडीला मुंग्या आल्या असणार.  तिने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पळा आता. पळा, माय. व्हईल बरं." मी तिच्या पायाला ओझरता हात लावला. नाव विचारायचं सुचलं नाही.

संगमनेरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक होत्या. यजमान एरवी हॉर्नला हात न लावणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी हात काढला नाही. वाटेत वैष्णवीला पुन्हा कळ आली. मला त्या कळेची भीती वाटली आणि, कोणाला विचित्र वाटेल, पण थोडा धीरही वाटला. आतलं काही तरी अजून जिवंत होतं, अजून सांगत होतं. मी पुन्हा हात जोडले. पण 'थांबव' हा शब्द ओठांवर येईना. मघाशी तोच मागितला होता, आणि तो मिळाल्यावर मी पिशवी भरून निघाले होते. मग काय मागावं ते कळेना, म्हणून नुसतं नाम घेत राहिले. सकाळी वीणा गळ्यात असताना जे जमलं नव्हतं ते गाडीत जमलं.

सर्जन तयार होते. पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दुपार कलली तेव्हा ते बाहेर आले आणि आम्हाला त्यांनी चित्रं दाखवली. पहिल्यात ते अंडाशय पिकलेल्या जांभळासारखं होतं. पीळ सोडवल्यानंतरच्या चित्रात त्याच्या कडेने गुलाबी रंग भरत आला होता. "आम्ही गाठ काढली आणि वाट बघत थांबलो. रंग परत आला. अंडाशय ठेवलंय. वेळेत आणलंत." यजमान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी पुढं समदं...?" ते म्हणाले, "पुढं सगळं व्यवस्थित होईल, आजी." सासूबाईंनी डॉक्टरांच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. ते हसले आणि त्यांनी मान खाली वाकवली.

वैष्णवी घरी आल्यावर मी आणि यजमान त्या बाईला शोधायला निघालो. कारखान्याच्या आजूबाजूला ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, असतात. जमेल तितक्या ठिकाणी गेलो. पाथर्डीकडची टोळी कुठली, जिच्या सुनेला दिवस गेलेत अशी सासू कोण, असं विचारत फिरलो. "लई हायत तशा," बायका हसून म्हणायच्या. एका ठिकाणी कळलं की तशी एक टोळी होती, पण ती फड संपवून दुसऱ्या कारखान्याकडे गेली. आणलेलं लुगडं आणि बाळासाठी घेतलेलं दुपटं तिथल्याच एका बाळंतिणीला देऊन आलो. तेवढंच हातात होतं.

लोक मला म्हणतात, ती साक्षात अमुक होती, तमुक होती. मी तसं म्हणत नाही. ती एक माणूस होती, जिच्या मांडीला मुंग्या आल्या तरी तिने मांडी हलवली नाही. तिला सोनोग्राफीतलं काही ठाऊक नव्हतं, लघवीची पिशवी भरायची आहे हेही नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की दमून झोपलेलं लेकरू उठवू नये. एवढ्याशा गोष्टीने माझ्या मुलीचं अख्खं आयुष्य वाचवलं. हे कोणी जुळवून आणलं यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. ज्या डॉक्टर मॅडमनी बघितलं, ज्यांनी पीळ सोडवला, आणि गावातल्या ज्या डॉक्टरांनी 'अंदाजाने औषध देणार नाही' म्हटलं, त्या सगळ्यांना माझा रोजचा नमस्कार असतो.

सासूबाई आता निराळ्याच झाल्या आहेत. पुढच्या तपासणीला राहात्याला गेलो तेव्हा पदराने तोंड झाकणं तर सोडाच, त्यांनी वैष्णवीला हॉलच्या मध्यात बसवलं आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "मुतखडा न्हाई वो. आंडाशयाला पीळ पडला हुता नातीच्या. तुमच्या कुनाच्या पोरीचं पोट आसं राहून राहून दुखलं ना, तर पनती-बिनती करत बसू नका. सरळ हितं आना. लोकांचं काय, लोक काला खाऊन घरी जात्यात." गावातसुद्धा, हळदीकुंकू असो की मयतीचं घर, त्या हे सांगतात. मीही आता शाळेत मुलींना आणि त्यांच्या आयांना न लाजता सांगते.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा मी अजूनही मागतेच. आई आहे, मागितल्याशिवाय राहवत नाही. पण पूर्वी मी देवाला काम सांगायची, आणि ते कसं करायचं तेही सांगायची. आता मुलीचं नाव घेते, आजारी असलेल्या कोणाचं तरी नाव घेते आणि पुढे एवढंच म्हणते: मला आतलं दिसत नाही. तुला दिसतंय. तू बघ.